डब्याचं दूध: गरज, खर्च आणि जाहिरात – कोल्हापुरातल्या नव्या आईबापांसाठी

दवाखान्यातून घरी सोडताना जो कागद हातात मिळतो, त्यावर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांखाली पुष्कळदा एखाद्या दूध पावडरचं नावही लिहिलेलं असतं. तो कागद घेऊन बाळाचा बाप किंवा मामा आमच्या काउंटरवर येतो, नावावर बोट ठेवतो आणि डबा मागतो. पावडर कशासाठी लिहिली, किती दिवस द्यायची, महिन्याला किती डबे लागतील, हे विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

मी राजारामपुरीतल्या एका औषध दुकानात फार्मासिस्ट आहे. डबे विकणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे डब्याविरुद्ध बोलायला मी बसलेली नाही. ज्या बाळाला खरोखर वरचं दूध लागतं, त्याला गाई-म्हशीचं दूध घालण्यापेक्षा ही पावडर कितीतरी सुरक्षित आहे. पण गरज नसताना सुरू झालेला डबा सहा महिने घराची कमाई खात राहतो, आणि तो बंद करणं सोपं नसतं. म्हणून पहिला डबा फोडण्याआधी हे वाचा. घरात आजी असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.

पहिली पायरी: डबा लागतोय का, ते ठरवा

"अंगावरचं पुरंना झालंय वो ताई," हे मी सगळ्यात जास्त ऐकते. बहुतेक वेळा ते बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानावर येतं, आणि नेमके तेच दिवस फसवे असतात. सुरुवातीचे दोन-तीन दिवस आईला चीक येतो. तो पिवळसर, दाट आणि एका वेळी चमचा-दोन चमचेच असतो, पण नवजात बाळाला तेवढाच पुरतो. या दिवसांत बाळाचं वजन जन्माच्या वजनापेक्षा सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत ते भरून निघतं. सिझेरियन झालं असेल तर पान्हा फुटायला थोडा उशीर होतो. हे आधी कुणी सांगितलं नाही की घरचे घाबरतात, आणि रात्री अकराला कुणीतरी गाडीला किक मारून मेडिकल शोधत निघतं.

बाळ रडतंय किंवा आईची छाती मऊ लागतेय, एवढ्यावरून दूध कमी आहे असं ठरवू नका. दोनच गोष्टी बघा: शू आणि वजन. पाचव्या दिवसापासून पुढे बाळाने दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू केली पाहिजे. डायपरमध्ये हे मोजता येत नाही, म्हणून दोन दिवस डायपर बाजूला ठेवून सुती लंगोट बांधा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक रेघ मारत जा. वजन नेहमी एकाच काट्यावर, उघड्या अंगाने करा. पहिले तीन महिने दिवसाला सरासरी वीस-तीस ग्रॅम वजन वाढत असेल, तर आईचं दूध पुरतंय. मग शेजारच्या वहिनी "पोरगं किती बारीक हाय" म्हणाल्या तरी मनावर घेऊ नका.

दूध बाळाच्या ओढण्यावर तयार होतं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध जास्त येतं. दिवसातून दोनदा बाटली दिली की बाळ तितक्या वेळा कमी ओढतं, आईचं दूध तितकं उतरतं, मग तिसरी बाटली लागते. दोन महिन्यांनी तीच आई मला सांगते की माझं दूध आटलं. आटलेलं नसतं, ते आटवलं गेलेलं असतं, आणि दोष ती स्वतःला देते. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आधी पाजण्याची पद्धत दुरुस्त करा. बाळाच्या तोंडात नुसती बोंडी जाऊन चालत नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा गेला पाहिजे. पाजताना आईला कळ येत असेल तर बहुतेक वेळा पकड चुकलेली असते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं, रात्रीसुद्धा. ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथल्या सिस्टरना, किंवा तुमच्या भागातल्या आशाताईंना आणि एएनएमना (सरकारी आरोग्यसेविकांना) समोर बसून बघायला सांगा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवलं तरी चालेल. एका बैठकीत फरक पडलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

खरी गरजही असते. आई नसणं, दत्तक बाळ, आईला कर्करोगाची औषधं सुरू असणं, बाळाचं वजन सगळे प्रयत्न करूनही न वाढणं, काही थोडे आजार. अशा वेळी डॉक्टर पावडर लिहितात आणि ती मनात कसलीही खंत न ठेवता द्यायची. फक्त डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्या: कशासाठी, दिवसाला किती आणि कधीपर्यंत. उत्तर त्याच कागदावर लिहून मागा.

बाळ सुस्त पडलंय, प्यायला उठत नाही किंवा दिवसभरात तीन-चार वेळाही शू झाली नाही, तर पावडर घ्यायला दुकानात येऊ नका. थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.

म्हशीच्या दुधाबद्दल

कोल्हापुरात हे वेगळं सांगावं लागतं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन तालमीत गेलेल्या आजोबांना नातवाला पावडर पाजायची हे पटत नाही. "दारात म्हस असताना डबा कशाला?" हा त्यांचा प्रश्न मनापासूनचा असतो, त्यामुळे उत्तरही नीट द्यायला हवं. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात प्रथिनं आणि क्षार बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडाला झेपणार नाहीत इतके जास्त असतात, आणि लोह फार कमी असतं. पाणी घालून पातळ केलं तर क्षार कमी होतात, पण पोषणही कमी होतं आणि लोह वाढत नाही ते नाहीच. म्हणून वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको, मग ते गोठ्यातलं असो की गोकुळच्या पिशवीतलं. वर्षानंतर आजोबांनी खुशाल पाजावं.

दुसरी पायरी: पहिल्या डब्याआधी महिन्याचा हिशोब

लोक एका डब्याची किंमत बघतात. बघायची असते सहा महिन्यांची.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला १५० मिली दूध लागतं. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, आणि त्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर मावते. तुमच्या डब्यावरचा आकडा थोडा वेगळा असू शकतो, तो वाचून घ्या. आता मांडा. तीन किलोच्या बाळाला ४५० मिली, म्हणजे १५ चमचे, म्हणजे दिवसाला ६८ ग्रॅमच्या आसपास. ४०० ग्रॅमचा डबा सहा दिवस जातो, महिन्याला पाच डबे. बाळ पाच किलोचं झालं की दिवसाला २५ चमचे आणि महिन्याला आठ-नऊ डबे. सहा किलोला ३० चमचे, डबा तीन दिवसांत संपतो, महिन्याला दहा डबे.

सहा महिन्यांची सरासरी दिवसाला ११० ग्रॅम धरली तर जवळपास वीस किलो पावडर होते, म्हणजे ४०० ग्रॅमचे पन्नास डबे. साधा डबा ४५० रुपयांचा धरला तर २२,५०० रुपये. ८०० रुपयांचा महागडा डबा घेतला तर ४०,०००. त्यावर बाटल्या, बोंड्या, ब्रश, उकळण्याचा गॅस. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत महिना पंधरा-अठरा हजारांवर काम करणाऱ्या माणसाला शेवटच्या महिन्यांतला दहा डब्यांचा खर्च काय असतो, ते मी काउंटरच्या अलीकडून बघते. तो आधी आठवड्याला दोन डबे नेतो, मग एक, आणि मग विचारतो, "ताई, बारका डबा हाय का?"

तो बारका डबा मागतो तेव्हा मला काळजी वाटते, कारण पुढची गोष्ट तो मला सांगत नाही. घरी डबा पुरवायला चमचा कमी आणि पाणी जास्त होत असतं. पातळ केलेल्या दुधाने बाळाचं पोट भरतं आणि ते झोपतंही, म्हणून सगळं ठीक वाटतं. आतून मात्र ते उपाशी असतं, वजन थांबतं, आणि फार पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. उलट "अंग धरंल" म्हणून चमचा शिगेला भरणंही घातक, त्याने बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पैसे कमी पडत असतील तर स्वस्त डबा घ्या, पण प्रमाण सोडू नका. डॉक्टरांना सांगायलाही लाजू नका. "दुसरा स्वस्त चालेल का?" या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर हो म्हणतात.

किंमत वाचवण्याचे खरे मार्ग वेगळे आहेत. पत्र्याच्या डब्यापेक्षा खोक्यातली रिफिल पिशवी बहुधा स्वस्त पडते. दोन पाकिटांची तुलना १०० ग्रॅमच्या भावाने करा, पाकिटाच्या आकाराने नको. फोडलेला डबा साधारण महिन्याच्या आत, किंवा डब्यावर लिहिलंय त्या मुदतीत संपवायचा असतो, त्यामुळे दिवसातून एकदाच पावडर लागत असेल तर मोठा डबा अंगावर पडतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मुलांच्या पावडरवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि बाटल्यांवरचा १२ वरून ५ वर. पूर्वी ४७२ रुपयांना मिळणारा डबा त्या हिशोबाने ४२० रुपयांना मिळायला हवा. तुम्ही जुन्या किमतीने घेत असाल तर बिल मागा आणि त्यावर कर किती टक्के लावलाय ते बघा.

तिसरी पायरी: कुठला डबा

डब्याच्या पुढच्या बाजूला मेंदू, डोळे, प्रतिकारशक्ती असं काय काय लिहिलेलं असतं, आणि किंमत तिथेच वाढते. तुम्ही डबा उलटा करा. आपल्याकडे बाळाच्या पावडरमध्ये ऊर्जा, प्रथिनं, स्निग्धांश, लोह, जीवनसत्त्वं किती असावीत हे एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी ठरलेलं आहे. तयार दुधाच्या १०० मिलीमध्ये ६० ते ७० कॅलरी, हे स्वस्त डब्यालाही पाळावं लागतं आणि महागड्यालाही. निरोगी, दिवस भरून जन्मलेल्या बाळाला साधा डबा पुरेसा असतो. आमच्या दुकानात साधा आणि महागडा डबा शेजारी शेजारी असतात, कधी एकाच कंपनीचे. वरच्या तीनशे-चारशे रुपयांनी तुमच्या बाळाला काय जास्त मिळतं, हे मला विचाराल तर त्या पैशांत आईसाठी आठवडाभराची फळं आणि अंडी येतील, हेच माझं उत्तर असेल.

कमी दिवसांच्या बाळासाठीची, लॅक्टोज (दुधातली साखर) नसलेली, सोयाची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळासाठीची पावडर वेगळी असते आणि महागही. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका आणि चिठ्ठीवरची असेल तर मनाने बदलू नका. "गॅस होतोय" म्हणून स्वतःच लॅक्टोज नसलेल्या पावडरवर जाणारे खूप जण भेटतात. बाळाला गॅस होणं हा आजार नाही.

घेताना चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत, वयाचा टप्पा आणि न उसवलेलं सील बघा. दुबईहून पाहुण्यांनी आणलेला डबा इथल्यापेक्षा चांगला असतो असं काही नाही. त्यावरचा चमचा आणि प्रमाण वेगळं असतं, आणि डबा संपला की पंचाईत होते.

डब्यांवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. पहिला सहा महिन्यांपर्यंतचा, दुसरा सहा ते बारा महिन्यांचा. पुढच्या दोन टप्प्यांची गरज निरोगी बाळाला नसते. जागतिक आरोग्य संघटनेने तर दुसऱ्या टप्प्यापासूनच्या पावडरींना अनावश्यक म्हटलं आहे. आकडे पुढे पुढे जातात ते गिऱ्हाईक टिकावं म्हणून.

चौथी पायरी: जाहिरात ओळखायला शिका

या धंद्यावर जगभर बंधनं आहेत, आणि त्याला कारण आहे. १९७० च्या दशकात गरीब देशांत कंपन्यांनी केलेल्या प्रचारानंतर अस्वच्छ पाण्यात, पातळ करून पावडर पाजली गेली आणि बाळं दगावली. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ मतं पडली आणि विरोधात एकच, अमेरिकेचं.

भारताने १९९२ मध्ये त्यावर स्वतःचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. आईच्या दुधाला पर्याय असलेली पावडर, दूध पाजायची बाटली आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचं डब्यातलं अन्न, या तिन्हींची कुठल्याही माध्यमातून जाहिरात करायला या कायद्याने बंदी आहे. इंटरनेटही त्यात आलं. आईला किंवा गरोदर बाईला मोफत नमुना देणं, भेटवस्तू देणं, विक्री वाढवण्यासाठी तिच्याशी संपर्क करणं, दवाखान्यात पोस्टर लावणं, डॉक्टर-नर्सना भेटी किंवा पैसे देणं, डॉक्टरांच्या परिषदांचा खर्च उचलणं, विक्रीवर कमिशन देणं, हे सगळं मना आहे. डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटो चालत नाही, आणि आईचं दूध सर्वोत्तम हे ठळक लिहावं लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाच हजार रुपये दंड मोठ्या कंपनीच्या खिशाला लागतसुद्धा नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

एवढं असूनही प्रचार तुमच्यापर्यंत पोचतो, फक्त त्याला जाहिरातीचं रूप नसतं. गरोदरपणाचं ॲप डाउनलोड केलं, बाळंतपणाची तारीख भरली, की बरोबर त्या आठवड्यात "तज्ज्ञांचा सल्ला" येतो. व्हॉट्सॲपवर आयांच्या ग्रुपमध्ये कुणी ताई रोज पाजण्याच्या अडचणींवर बोलतात आणि शेवटी एका डब्यावर येऊन थांबतात. इन्स्टाग्रामवर बाळाच्या खोलीचा व्हिडिओ असतो आणि मागच्या फळीवर डबा, लेबल पुढे करून ठेवलेला. दोन वर्षांवरच्या मुलांच्या पावडरची जाहिरात चालते, म्हणून तिचा रंग, नाव आणि अक्षरं लहान बाळाच्या डब्यासारखीच ठेवतात. तुम्ही मोठ्याची जाहिरात बघता आणि दुकानात येऊन धाकट्याचा डबा मागता.

आमच्याकडेही कंपन्यांचे प्रतिनिधी येतात. एकदा एकाने "फक्त काउंटरवर ठेवा" म्हणून चार लहान पाकिटं पुढे सरकवली, नव्या आयांना द्यायला. मी परत दिली. त्या पाकिटाचं वजन मात्र लक्षात राहिलं: तीन-चार दिवस पुरेल एवढं. तीन-चार दिवस बाळाने नीट ओढलं नाही तर आईचं दूध कमी व्हायला लागतं. फुकटचं पाकीट संपतं आणि विकतचा डबा सुरू होतो. म्हणून फुकट मिळालेला डबा सगळ्यात महाग पडतो, तो घेऊच नका.

असं काही दिसलं तर तारीख, ठिकाण आणि फोटो ठेवा, मेसेज असेल तर स्क्रीनशॉट. कोल्हापुरात अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. या कायद्याखाली तक्रार करण्याचा अधिकार सरकारने काही स्वयंसेवी संस्थांनाही दिलेला आहे. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही त्यातली एक, आणि तिची सुरुवात १९९१ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला झाली. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं, मुदत संपलेला डबा दिला, अशा तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रार करणाऱ्या आईवर या कायद्याने काहीही येत नाही. हा कायदा विकणाऱ्यांसाठी आहे, पाजणाऱ्यांसाठी नाही.

पाचवी पायरी: दूध तयार करणं

ही पायरी घरातल्या ज्या ज्या माणसाच्या हाती बाळ असेल त्याने करून बघावी, नुसती ऐकू नये.

पावडर निर्जंतुक नसते, सीलबंद डब्यातलीसुद्धा. तिच्यात क्वचित असे जंतू असतात जे नवजात बाळाला गंभीर आजारी करतात. म्हणून पाणी उकळायचं आणि ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, त्यात पावडर घालायची. कोमट पाण्यात पावडर कालवायची आपली सवय इथे सोडा. काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी आलं म्हणून उकळणं बंद करू नका, फिल्टरचं असलं तरीही.

हात साबणाने धुवा. वाटी, चमचा, बाटली, बोंडी, सगळं धुऊन पाण्यात बुडवून उकळा. आधी पाणी मोजून ओता, मग पावडर. डब्यातलाच चमचा वापरा, दुसऱ्या डब्यातला नको. पावडर चमच्यात सैल भरा, दाबू नका, आणि सुरीच्या सरळ पाठीने वरचा ढीग डब्यातच पाडून चमचा सपाट करा. ६० मिलीला दोन चमचे असतील तर दोनच. नीट ढवळा, मग भांडं गार पाण्याच्या वाडग्यात ठेवून दूध निववा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. साखर, गूळ, मध काहीही घालायचं नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

तयार दूध लगेच पाजा. दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या. उरलेलं टाकताना जीव जळतो, पैसे दिसतात, मला कळतं. म्हणून एका वेळी थोडंच करा, बाळाने आणखी मागितलं तर परत करा. रात्रीसाठी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या, झाकणाच्या डबीत ठेवा. दूध तयार करून उशाशी ठेवू नका.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं (चोचीचं छोटं भांडं) बरं. बाटलीच्या बोंडीत आणि वळणांत दूध अडकून राहतं, धुतलं तरी निघत नाही. बोंडलं एका पाण्यात स्वच्छ होतं आणि पैसे एकदाच जातात. आईचंही दूध सुरू असेल तर बोंडल्याने पाजलेलं बाळ परत अंगावर घेणं सोपं जातं.

पुराचे दिवस

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा शहरातले रस्ते बंद झाले, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि नळाचं पाणी थांबलं. पावडरवर असलेल्या बाळाला अशा वेळी तिन्ही गोष्टी एकदम कमी पडतात: डबा, पाणी आणि गॅस. तुमचं घर नदीच्या बाजूला असेल तर जुलैच्या आधीच दोन आठवडे पुरतील एवढे डबे, पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि भरलेला सिलिंडर वर काढून ठेवा. अंगावर पाजणाऱ्या आईने पूरग्रस्तांच्या छावणीत पाजणं थांबवू नये. भीतीने दूध आटत नाही, फक्त सुटायला थोडा वेळ लागतो. मदतीच्या ट्रकमधून सरसकट वाटलेला डबा तिने घेऊ नये. तो ज्या बाळाला लागतो त्याच्या आईपर्यंत जाऊ द्यावा.

नोकरीवर परत जाताना

पावडर घ्यायचं हे सगळ्यात नेहमीचं आणि सगळ्यात प्रामाणिक कारण. कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, कामावर आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या आहेत, आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते. हे मागावं लागतं, तेव्हा रजेवर जायच्या आधी लेखी मागा.

शेतमजुरी किंवा घरकाम करणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. तिच्यासाठी आणि लवकर कामावर जाणाऱ्या सगळ्यांसाठी दूध पिळून ठेवणं हा स्वस्त मार्ग आहे. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत हाताने पिळलेलं दूध झाकून ठेवलं तर घरात चार तास आणि फ्रिजमध्ये दिवसभर चांगलं राहतं. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका.

आणि हे सगळं एकतर पूर्ण अंगावर नाहीतर पूर्ण डब्यावर, असं नसतं. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अंगावर आणि दुपारी एकदा १२० मिली पावडर, असं केलं तर महिन्याला साधारण ५४० ग्रॅम, म्हणजे दीडएक डबा लागतो. दहा डब्यांच्या जागी दीड.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं. नाचणी सत्त्वाची खीर, साखर न घालता. तूप घातलेला मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं, पुढे अंड्याचा बलक. डब्यातल्या तयार सीरिअलची सवय लावलीच पाहिजे असं काही नाही. २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेच्या अहवालाने दाखवलं की भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये वरून साखर घातलेली होती, तर त्याच कंपनीच्या युरोपातल्या तशाच मालात नव्हती. त्यानंतर कंपनीने इथेही साखर न घातलेले प्रकार आणायचं जाहीर केलं. तेव्हा घ्यायचंच असेल तर मागे घटकांची यादी वाचा. साखर, सुक्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन यांतलं काही पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ठेवून द्या.

वर्ष झालं की पावडर पूर्ण बंद करता येते. साधं उकळलेलं दूध दिवसाला ४००-५०० मिलीपर्यंत, कपाने किंवा पेल्याने. त्याहून जास्त दिलं तर मूल जेवत नाही आणि अंगात लोह कमी पडतं. बाटली असेल तर तीही याच सुमारास सोडवा. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे वरचे दात दोन वर्षांच्या आतच किडायला लागतात.